लाख किलोमीटरनंतरचं तेल

जून २०२२च्या पहिल्या आठवड्यात अमरावती आणि अकोला यांच्यामधला रस्ता एकदम बातमीत आला. राष्ट्रीय महामार्ग ५३वर डांबराची ७५ किलोमीटर लांबीची मार्गिका सलग १०५ तास ३३ मिनिटांत टाकली गेली आणि गिनेस बुकात तिची नोंद झाली. आधीचा विक्रम कतारमधल्या दोह्याच्या नावावर होता. वऱ्हाडी माणूस ज्याला अजून ‘हायवे सहा’ म्हणतो तोच हा रस्ता, वर्षानुवर्षं खड्ड्यांसाठी शिव्या खाल्लेला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला. जून २०२५मध्ये मुंबईकडचा शेवटचा टप्पाही खुला झाला.

रस्ता सुधारला की गाडी जास्त पळते. पूर्वी पुण्याला लेकाकडे जायचं तर रेल्वेचं रिझर्व्हेशन बघणारी कुटुंबं आता सरळ डिकी भरतात. नागपूरचं विमानतळ, शेगाव, शिर्डी, लग्नकार्यं असं सगळं गाडीनंच होतं. त्यामुळे गाडीच्या मीटरवर एक लाखाचा आकडा लवकर चढू लागला आहे. दुसरा बदल असा, की यांतल्या बऱ्याच गाड्या दोन पेडलच्या, म्हणजे ऑटोमॅटिक आहेत. क्लच दाबायचा नाही, गिअर टाकायचा नाही. गुडघे दुखणाऱ्या सासूबाईंपासून नव्यानं गाडी शिकणाऱ्या मुलीपर्यंत सगळ्यांना ती सोयीची.

अशी गाडी लाखाच्या आसपास आली, की मालकाच्या मनात प्रश्न येतो: गिअरबॉक्सचं तेल बदलायचं का? गॅरेजात त्याला दोन टोकांची उत्तरं मिळतात. एक मिस्त्री म्हणतो, “भाऊ, गाडी चालू हाय ना? मंग हात काहून लावता? बदललं का गिअरबॉक्स गेलाच समजा.” दुसरा म्हणतो, “मशीन लावतो, जुनं तेल थेंबभर ठेवत नाही, दोन तासांत गाडी घेऊन जा.” माझं म्हणणं असं, की जुन्या गाडीच्या बाबतीत ही दोन्ही उत्तरं धोक्याची आहेत. तेल बदलल्यामुळे गिअरबॉक्स मरत नाही. तो मरतो उशिरामुळे, चुकीच्या तेलामुळे आणि घाईमुळे. आधी पाहावं आणि मग टप्प्याटप्प्यानं बदलावं, असा तिसरा मार्ग आहे. हा लेख त्या मार्गाबद्दल आहे.

तेलाची कामं

इंजिन ऑइलचं मुख्य काम वंगणाचं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधल्या तेलावर मात्र अनेक कामांचा भार असतो. या तेलाला आपल्याकडे सरसकट एटीएफ म्हणतात. इंजिनाची ताकद गिअरपर्यंत पोचवतं तेच. टॉर्क कन्व्हर्टर नावाच्या बंद डब्यात एकमेकांसमोर पात्यांची दोन चक्रं असतात. इंजिन एक चक्र फिरवतं, त्यानं फेकलेलं तेल दुसऱ्याला फिरवतं. समोरासमोर ठेवलेल्या दोन पंख्यांपैकी एक सुरू केला की दुसरा आपोआप फिरू लागतो, तसंच. मूळ कल्पना हेरमान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याची. १९०५मध्ये त्यानं पेटंट घेतलं ते जहाजांसाठी. मोटारीत पूर्ण ऑटोमॅटिक गिअर मोठ्या प्रमाणावर आणला तो अमेरिकेच्या जनरल मोटर्सनं, १९४० सालच्या ओल्ड्समोबिल गाडीत. त्याचं नाव हायड्रामॅटिक.

गिअर बदलण्याचं कामही तेलाच्या दाबानंच होतं. इंजिनाबरोबर फिरणारा पंप दाब तयार करतो. व्हॉल्व्ह बॉडीतल्या बारीक वाटांतून तो दाब योग्य क्लचपर्यंत जातो आणि क्लचच्या चकत्या एकमेकींवर आवळल्या जातात. या चकत्या तेलातच बुडालेल्या असतात. म्हणून या तेलाला एकाच वेळी दोन उलट गोष्टी साधाव्या लागतात: दात आणि बेअरिंग घसरते ठेवायचे, पण चकत्यांना नेमकी पकड द्यायची. ही पकड देण्यासाठी तेलात खास रसायनं घातलेली असतात. शिवाय उष्णता वाहून नेणं, झिजेचे कण धरून ठेवणं आणि सीलचं रबर मऊ ठेवणं ही कामं आहेतच.

पकड देणाऱ्या त्या रसायनांना इतिहास आहे. जनरल मोटर्सनं १९४९मध्ये ‘टाइप ए’ हे या तेलाचं पहिलं प्रमाण ठरवलं. त्या काळच्या एटीएफमध्ये घर्षण नेमकं राखण्यासाठी स्पर्म व्हेल जातीच्या देवमाशाचं तेल वापरत. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेनं देवमाशाच्या उत्पादनांवर बंदी आणली, आणि तेल कंपन्यांना पर्याय शोधावे लागले. सुरुवातीच्या एका पर्यायामुळे तेल थंड करणारे कूलर गंजू लागले, तेव्हा मिश्रण पुन्हा सुधारावं लागलं. एक घटक बदलला तर गिअरबॉक्सवर काय गुदरतं, हे तेव्हाच दिसून आलं होतं. ‘लाल तेल सगळं सारखंच’ असं म्हणणाऱ्यांनी हा अनुभव जरूर लक्षात ठेवावा.

आधी गाडीची जात ओळखा

आपल्याकडे दोन पेडलची प्रत्येक गाडी ‘ऑटोमॅटिक’ असते. आत मात्र चार निरनिराळी यंत्रं असू शकतात, आणि चुकांची सुरुवात बहुतेकदा इथूनच होते.

पहिली एएमटी. २०१४मध्ये मारुतीची सेलेरिओ आली आणि मध्यमवर्गाला ऑटोमॅटिक परवडू लागली. ही भारतातली पहिली एएमटी गाडी. हिच्यात टॉर्क कन्व्हर्टर नाही. साधा हाताचा गिअरबॉक्स आणि साधी क्लच प्लेटच आहे, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम यंत्र करतं. तिच्या पेटीत साधं गिअर ऑइल असतं. हायड्रॉलिक यंत्रणा असेल तर तिचं थोडं वेगळं तेल छोट्या टाकीत असतं. एएमटीच्या गिअरबॉक्समध्ये एटीएफ ओतणं ही चूकच.

दुसरी टॉर्क कन्व्हर्टरवाली, म्हणजे खरी जुनी ऑटोमॅटिक. तिसरी सीव्हीटी. हिच्यात गिअर नसतात, दोन पुलींमधून पोलादी पट्टा फिरतो, आणि पट्ट्याची पकड तेलावर अवलंबून असते. हिला सीव्हीटीचंच तेल लागतं. साधं एटीएफ घातलं तर पट्टा घसरतो आणि पुलीवर चरे पडतात. चौथी डबल क्लचची. हिच्यात पुन्हा सुका क्लच आणि ओला क्लच असे दोन प्रकार. फोक्सवॅगन समूहाच्या ओल्या क्लचच्या सहा गिअरी डीएसजीला ६० हजार किलोमीटरला तेल बदलणं ठरलेलं आहे. सुक्या क्लचच्या सात गिअरी पेटीचं वेळापत्रक वेगळं.

एकाच कंपनीतही तेलं बदलतात. ह्युंदाईच्या जुन्या चार गिअरी पेट्यांना एसपी-३, नंतरच्या सहा गिअरी पेट्यांना एसपी-४. होंडाच्या जुन्या सीव्हीटीला एचएमएमएफ, नव्यांना एचसीएफ-२. टोयोटाचं डब्ल्यूएस, निसानच्या सीव्हीटीचं एनएस-२ किंवा एनएस-३. डब्यावर ‘सर्व गाड्यांसाठी’ असं छापलेलं असलं, तरी आपल्या गाडीच्या माहितीपुस्तिकेत लिहिलेलं प्रमाण त्या डब्यावर स्पष्ट दिसत नसेल तर तो डबा घेऊ नये. शे-दोनशे रुपये वाचवायची ही जागाच नव्हे.

वऱ्हाडचं ऊन, चिखलदऱ्याचा घाट

तेल म्हातारं होतं ते उष्णतेनं. तेलाच्या अभ्यासकांचा ढोबळ नियम असा, की तापमान दहा अंशांनी वाढलं की तेल खराब होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. एटीएफ ८० ते ९५ अंशांत कामाला असेल तर ठीक. तेच तेल रोज ११० अंशांवर राबलं तर त्याचं आयुष्य एक-चतुर्थांशावर येऊ शकतं. त्याही वर गेलं की धातूवर चिकट थर चढतो, सील कडक होतात आणि शेवटी क्लचच्या चकत्या जळू लागतात.

आता वऱ्हाडाचा उन्हाळा पाहा. मे २०२०मध्ये अकोल्याचा पारा ४७ अंशांच्या पुढे गेला होता, आणि ४४-४५ तर इथे दरवर्षीचे. बहुतेक गाड्यांत एटीएफचा कूलर रेडिएटरलाच जोडलेला असतो. समोरून येणारी हवाच भाजून काढणारी. तीही आधी एसीच्या कंडेन्सरवरून आणखी तापून येते. मग रेडिएटर थंड कशाच्या जोरावर करणार? हायवेवर निदान वारा मिळतो. अमरावतीत राजकमल चौकाच्या गर्दीत एसी लावून रेंगाळणाऱ्या गाडीला तोही नाही.

मग घाट. परतवाड्याहून चिखलदऱ्याला जाताना गाडी सातशे मीटरांच्या आसपास चढते, तीही वळणावळणानं आणि कमी वेगात. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये उष्णता सर्वांत जास्त तयार होते ती अशाच वेळी, कारण दोन चक्रांमधला फरक जास्त असतो आणि त्यांना एकत्र बांधणारा लॉक-अप क्लच लागलेला नसतो. त्यात गाडीत सात माणसं आणि वर सामान. चढावर थांबताना काही जण ब्रेक सोडून ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरतात. ती सवय तर सरळ तेल उकळवणारी. चढावर थांबलात तर ब्रेक दाबा. उतरताना डी-मध्येच सोडून सतत ब्रेक घासण्यापेक्षा खालचा गिअर निवडा. एन-मध्ये टाकून उतार उतरणं तर कधीच नको.

म्हणून नुसत्या किलोमीटरवर भिस्त ठेवून भागत नाही. समजा, मुंबईत ताशी सरासरी २० किलोमीटरनं चाललेली गाडी ६० हजार किलोमीटर झाली. तिचा गिअरबॉक्स ३,००० तास राबला. अकोला-अमरावती-नागपूर अशी ताशी ६० नं चाललेली गाडी तेवढेच किलोमीटर झाली, तर १,००० तास. मीटर दोघींचं सारखंच, झीज मात्र सारखी नाही. मुंबई-पुण्याहून ‘कमी चाललेली’ ऑटोमॅटिक वऱ्हाडात विकत आणणाऱ्यांनी हा हिशेब आधी करावा.

‘लाइफटाइम’चा घोळ

काही गाड्यांच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं, की गिअरबॉक्सचं तेल आयुष्यभरासाठी भरलं आहे. मालक निर्धास्त होतो. पण हे आयुष्य कुणाचं? बीएमडब्ल्यूसारख्या नामांकित गाड्यांना गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ ही जर्मन कंपनी स्वतःच्या गिअरबॉक्सचं तेल ८० हजार ते एक लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान, किंवा जास्तीत जास्त आठ वर्षांनी बदलायला सांगते. गाडी कशी चालवली जाते त्यावर आकडा ठरतो. पेटी बनवणाराच असं सांगतो म्हटल्यावर बाकीच्यांनी वेगळं मानायचं कारण उरत नाही.

अनेक पुस्तिकांत दोन वेळापत्रकं असतात. एक साध्या वापराचं, दुसरं कठीण वापराचं. कठीण म्हणजे काय, तेही लिहिलेलं असतं: खूप उष्णता, धूळ, डोंगराळ रस्ते, ओझं, थांबत-थांबत चालणारी रहदारी. यांतलं वऱ्हाडात काय नाही? इथल्या मालकानं दुसरं वेळापत्रकच आपलं समजावं.

भीती कुठून आली

“तेल बदललं आन् महिन्याभरात गिअरबॉक्स बसला.” असं सांगणारे लोक खोटं बोलत नाहीत. घडलेलं असतं ते खरंच. फक्त कारण लावताना चूक होते.

लाख-दीड लाख किलोमीटर कुणी तेलाकडे पाहत नाही. मग गाडी गिअर बदलताना झटका मारू लागते. डी-मध्ये टाकल्यावर दोन-तीन सेकंद जागची हलत नाही. ॲक्सिलरेटर दिला तर आरपीएम वाढतो, पण गाडी उचलत नाही. तेव्हा कुठे मालक तेल बदलायला येतो. पण आरपीएम चढूनही गाडी हलत नसेल, तर क्लचच्या चकत्यांवरचा थर झिजून गेलेला असतो. झिजलेला थर कोणतंही तेल परत आणू शकत नाही. गिअरबॉक्स जायचाच होता, तेल बदललं नसतं तरी. आधी तेल आणि मग बिघाड असा क्रम दिसला, म्हणून दोष तेलावर आला.

दुसरी कारणं गॅरेजातली. चुकीच्या प्रमाणाचं तेल, पातळी कमी किंवा जास्त, किंवा खूप जुन्या पेटीतून मशीननं दाबानं तेल फिरवणं. दाबानं सुटलेला गाळ व्हॉल्व्ह बॉडीच्या बारीक वाटेत अडकला, की कालपर्यंत बरी चाललेली गाडी आज गिअर बदलत नाही. म्हणून कधीच तेल न बदललेल्या जास्त चाललेल्या गाडीला मशीन लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी परीक्षा, मग पाना

काम हाती घेण्याआधी गाडी गरम होईपर्यंत चालवून पाहावी. मग थोडं तेल पांढऱ्या कागदावर घ्यावं. नवं एटीएफ बहुधा लाल असतं, काही सीव्हीटी तेलं हिरवट. वापरलेलं तपकिरी झालं तर ते स्वाभाविक आहे. काळं आणि जळक्या वासाचं असेल तर सावध व्हावं. दुधी गुलाबी दिसलं, तर रेडिएटरमधला कूलर फुटून कूलंट आत आलंय किंवा पुराचं पाणी शिरलंय. जुलै २०२१मध्ये मोर्णेच्या पुराचं पाणी अकोल्याच्या वस्त्यांत घुसलं होतं. अशा पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीचं हे तेल न पाहता ती चालवणं म्हणजे क्लचच्या चकत्या हातानं खराब करणं.

परीक्षेनंतर निर्णय तीन. गाडी नीट शिफ्ट होतेय आणि तेल तपकिरी आहे, तर बिनधास्त बदला. शिफ्ट ठीक पण तेल काळं, तर थोडं-थोडं करून बदला. गाडी स्लिप होतेय आणि तेलात चमकणारे धातूचे तुकडे आहेत, तर तेलावर पैसे घालू नका. पेटी उघडून दुरुस्तीचा अंदाज घ्या. हे तिसरं उत्तर ग्राहकाला तोंडावर सांगणारा मिस्त्रीच खरा कारागीर.

‘थोडं-थोडं’ म्हणजे नेमकं किती, ते समजून घेऊ. खालचा ड्रेन नट उघडला की सगळं तेल बाहेर येत नाही. टॉर्क कन्व्हर्टर आणि कूलरमध्ये बरंच उरतं. समजा, पेटीत एकूण साडेसहा लिटर मावतं आणि नट उघडल्यावर तीन लिटर निघालं. पहिल्या वेळी पेटीतलं ४६ टक्के तेल नवं होतं. मधे पाचशे-हजार किलोमीटर चालवून तेच पुन्हा केलं, तर ७१ टक्के. तिसऱ्यांदा ८४ टक्के. जास्त चाललेल्या गाडीला ही चाल मानवते. दर वेळी थोडा गाळ बाहेर येतो, आणि पुढच्या वेळी निघालेलं तेल पाहून पेटीची तब्येतही कळते.

कामाचा क्रम साधा आहे, पण एकही पायरी गाळून चालत नाही. आधी भरायचा नट उघडून पाहायचा, मग खालचा ड्रेन नट सोडायचा. भरायचा नट जाम झालेला असेल आणि तेल आधीच सोडलं, तर गाडी तिथेच अडकते. निघालेलं तेल मापाच्या कॅनमध्ये धरायचं आणि तेवढंच नवं घालायचं. वॉशर नवा. चेंबर, म्हणजे पेटीच्या तळाची तेलाची परात, उघडत असाल तर आतलं लोहचुंबक पाहा. त्यावर राखाडी मऊ लेप असेल तर ती नेहमीची झीज, बोटाला टोचणारे तुकडे असतील तर काम तिथेच थांबवा. फिल्टर चेंबरमध्ये मिळत असेल तर बदलून टाका. काही गाड्यांत तो पेटी उकलल्याशिवाय हाती लागत नाही.

आणि एक गोष्ट खास कापसाच्या मुलखासाठी. आपल्या प्रत्येक गॅरेजात हात पुसायला कॉटन वेस्ट असतंच. हात पुसायला ते ठीक. चेंबर आणि व्हॉल्व्ह बॉडी त्यानं कधी पुसू नये, कारण त्याचा एक तंतूही बारीक वाट अडवायला पुरतो. तंतू न सुटणारं कापड हवं.

शेवटची आणि सर्वांत जास्त चुकणारी पायरी पातळीची. गाडी सपाटीवर, इंजिन सुरू, ब्रेक दाबून पी-पासून प्रत्येक गिअरवर क्षणभर थांबत परत पी-वर, आणि मग कंपनीनं ठरवून दिलेल्या तापमानाला मोजणी. बहुतेक गाड्यांत पातळी पी-मध्ये पाहतात, काहींत एन-मध्ये. डिपस्टिक नसेल तर पातळीचा नट उघडतात आणि तेल बारीक धारेनं यायचं थांबलं की पातळी बरोबर. तापमान स्कॅनरवर पाहायचं, हातानं अंदाज घ्यायचा नाही. तेल कमी पडलं तर पंप हवा ओढतो आणि गाडी स्लिप होते. जास्त झालं तर तेलाचा फेस होतो आणि पुन्हा तेच. ‘आणखी अर्धा लिटर टाकून द्या’ हे औदार्य इथे नुकसान करतं.

हायवेवर गाडी बंद पडली, तर दोर बांधून ओढत नेऊ नका. इंजिन बंद म्हणजे पंप बंद, आणि चाकं फिरत राहिली तर आतले भाग तेलाविना घासतात. गाडी उचलून नेणारं वाहन बोलवा.

काळ्या तेलाचं काय करायचं

निघालेलं तेल कुठे जातं, हा प्रश्नही याच कामाचा भाग आहे. कुणी ते सेंट्रिंगच्या फळ्यांना लावतं, कुणी नालीत ओततं. पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यात जमिनीखालचं पाणी मुळातच खारट. गोडं पाणी दुरून आणावं लागतं. तिथे उरलंसुरलं पाणीही तेलानं नासवणं हा गुन्हाच म्हटला पाहिजे. कायद्यानंही ते घातक कचऱ्यात मोडतं. १ एप्रिल २०२४पासून वापरलेल्या तेलाच्या पुनर्वापराची जबाबदारी तेल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर टाकलेली आहे. गॅरेजवाल्यानं डबा भरून ठेवावा आणि नोंदणी असलेल्या संकलकालाच द्यावा. मालकानंही पैसे देताना एवढं विचारून जावं.

कारागिराला शिकवा, नोंद मागा

वऱ्हाडाला दाबानं चालणाऱ्या तेलाचं ज्ञान नवं नाही. जिनिंग-प्रेसिंगमध्ये गाठी दाबणारे प्रेस आणि शेतातल्या ट्रॅक्टरचं हायड्रॉलिक इथल्या हातांनी वर्षानुवर्षं सांभाळलं आहे. ते हात ऑटोमॅटिक गिअरबॉक्सही सांभाळू शकतात. त्यांना हवंय ते स्कॅनर वाचायचं आणि तेलाचं प्रमाण ओळखायचं शिक्षण. अमरावती-अकोल्याच्या आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम घेणाऱ्या मुलांना एएमटी, सीव्हीटी आणि टॉर्क कन्व्हर्टर या तिन्ही पेट्या स्वतःच्या हातानं उघडून पाहायला मिळाल्याच पाहिजेत. रस्त्यावर धावणाऱ्या गाड्या बदलल्या, तसं प्रशिक्षणही बदलायला हवं.

आणि मालकांचं काम त्याहून सोपं आहे. तेल बदललं की बिलावर चार गोष्टी लिहून घ्या: तारीख, किलोमीटर, तेलाचं प्रमाण आणि किती लिटर काढून किती घातलं. जुनी ऑटोमॅटिक विकत घेताना आपण मीटर पाहतो, टायर दाबतो, बॉनेट उघडतो. त्याच वेळी गिअरबॉक्सचं तेल कधी आणि कोणतं बदललं, हेही विचारा. लेखी उत्तर नसेल तर किंमत त्या हिशेबानं खाली आणा. घेणारा विचारू लागला, की विकणारा जपू लागतो, मिस्त्री नोंद ठेवू लागतो आणि ‘हात लावू नका’ म्हणणाऱ्यालाही आपला सल्ला तपासून पाहावा लागतो. पावसाळा संपलाय, लग्नसराई तोंडावर आहे आणि गाड्या लांब पळणार आहेत. निघण्याआधी थोडं तेल पांढऱ्या कागदावर घेऊन पाहा. निर्णय त्यावरून घ्या, ऐकीव भीतीवरून नको.